कणसांना आहेर

गेल्या साली काल्याच्या हंडीत पडलेल्या लाह्या वसमतच्या किराणा दुकानातल्या होत्या, आणि ते गावात कुणालाही कळलं नाही. शेषरावांचं दुःख ते होतं. लाह्या विकतच्या आणाव्या लागल्या याचं त्यांना वाईट वाटलंच. पण भागवतमहाराजांनी हंडी फोडली, लेकराबाळांसकट सगळ्यांनी हात पुढं केले, काला खाल्ला, हात डोक्याला पुसले आणि पंगतीत जाऊन बसले. एकाही जिभेला काही वेगळं वाटलं नाही. शेषराव हातातला प्रसाद तसाच धरून विठ्ठल-रखुमाईकडं बघत उभे राहिले. देवानंही काही दाखवलं नाही.

आमच्या गावाचा सप्ता हनुमान जयंतीला उठतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. काल्यात दही, पोहे, काकडी, घरोघरचं काय काय, आणि ज्वारीच्या लाह्या. लाह्यांचा मान शेषरावांच्या घराचा. नव्या ज्वारीच्या लाह्या, त्यांच्याच ओढ्याकाठच्या तुकड्यातल्या, त्यांच्याच चुलीवर फुटलेल्या. हा मान कुणी दिला, कधी दिला, हे विचारायचं नसतं. गावात मान पुष्कळ आहेत. वीणा आधी कुणाच्या गळ्यात, महाराजांचे पाय कुणी धुवायचे, पताका कुणाच्या खांद्यावर. आणि त्या प्रत्येकावरून एकदा तरी भांडण झालेलं आहे. लाह्यांच्या मानावरून मात्र कधी झालं नाही. आगीसमोर बसून लाह्या फोडणं हे कष्टाचं काम आहे, आणि कष्टाच्या मानाला वाटेकरी नसतो.

आता विकतच्या लाह्यांची पाळी का आली, तर हळदीमुळं. हळदीला नावं ठेवायचं तसं काही कारण नाही. कुरुंद्यापासून हट्ट्यापर्यंत जिकडं बघाल तिकडं हळद आहे. हळद नाही तिथं सोयाबीन, आणि सोयाबीन निघालं की हरभरा. आमच्या गावातली घरं पक्की झाली ती हळदीनं. देवळाला कळस चढला तो हळदीनं. पूर्वी जे महाराज फक्त मोठ्या गावांना तारखा देत, ते आमच्याकडं यायला लागले तेही हळदीनंच. फक्त एक झालं. पाखरं हळद खात नाहीत.

पूर्वी अख्खं शिवार ज्वारीचं होतं तेव्हा पाखरंही अख्ख्या शिवारात वाटली जायची. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी यायची, थोडं थोडं खायची, आणि शेतकरी त्यांना शिव्या देत दिवसभर गोफण फिरवायचा. दोघांचंही भागायचं. मग एकेकानं ज्वारी सोडली. सोडणाऱ्यानं ज्वारी सोडली, पण त्याच्या वाट्याची पाखरं त्यानं बरोबर नेली नाहीत. ती शेजारच्या बांधावर गेली. शेजाऱ्यानं सोडली की त्याच्या पुढच्याकडं. असं करत करत पंचक्रोशीतले सगळे राघू, होले, साळुंक्या आणि चिमण्या शेषरावांच्या ओढ्याकाठच्या तुकड्यावर येऊन टेकले. शेषराव म्हणायचे, गावाची पाखरं मी एकटा सांभाळून राहिलो. गेल्या साली त्यांनी काढणीला विळा लावला तेव्हा ताटांच्या शेंड्यावर कणसं होती, पण कणसांत दाणा नव्हता.

शेषरावांचा मुलगा बालाजी. गुणाचा माणूस. भजनात टाळ धरतो, चाल उचलतो, एकादशी मोडत नाही. पण त्याची हळद त्या तुकड्याच्या बांधाला येऊन भिडली होती आणि ठिबकची नळी बांधापाशी येऊन थांबली होती. रोज सकाळी तो त्या नळीच्या टोकाकडं बघायचा, आणि शेषराव त्याच्याकडं. सोयाबीन निघाल्यावर, पेरणीच्या तोंडावर, ओट्यावर बसून त्यानं विषय काढलाच.

"दादा, पाकिटातल्या लाह्या देवानं घेतल्या का न्हाई?"

"घेतल्या."

"मंग?"

"देव गरीब हाय बाबा. काय द्याल ते खातो. म्हणून काय बी द्यावं का?"

यावर बालाजीनं हिशेबाच्या गोष्टी सांगितल्या आणि शेषरावांनी त्या कानावर घेतल्या नाहीत. बराच वेळ हे चाललं. शेवटी आत गहू निवडत बसलेल्या नर्मदाबाईंनी, म्हणजे बालाजीच्या आईनं, उंबऱ्यात येऊन निकाल दिला. हे एक साल ज्वारी पेरायची. आपल्या तुकड्यातल्या लाह्या काल्याच्या हंडीत पडल्या तर तुकडा ज्वारीचा, बालाजीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही पडल्या तर येत्या हंगामात तिथं हळद, आणि दादांनी तोंड उघडायचं नाही. बालाजीनं लगेच मान्य केलं. त्यानं पाखरं बघितली होती.

शेषरावांनी घरातलं जुनं बी पेरलं. गाडग्यात राखेत ठेवलेलं, लाह्यांचं, बारीक पिवळसर दाण्याचं. ज्वारी उगवली, पोटऱ्यात आली, निसवली. आणि कणीस बाहेर पडल्याची बातमी कुठून कळते कोण जाणे, ओढ्यावरच्या तारेवर पाखरं येऊन बसली.

शेषराव म्हातारे. गोफण हातात घेतली तर दगड भलतीकडं जायचा. एकदा तो बालाजीच्या नळीवर बसला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. मग त्यांनी बाजारातून चमकती पट्टी आणून बांधांवर ताणली. वाऱ्यात ती फडफडायची आणि उन्हात चमकायची. पाखरं पहिल्या दिवशी बिचकली, नंतर चिमण्यांनी तिचा तुकडा तोडून घरट्याला नेला. मग शेषरावांनी आम्हा भजनी मंडळाला गळ घातली, की सप्त्याची तालीम नाही तरी करायचीच आहे, ती देवळात करण्याऐवजी शेतात करा. आम्ही गेलो. बांधावर सतरंजी टाकली, टाळ-मृदंग लावला, आणि खरंच पहिल्या गजरासरशी सगळी तार रिकामी झाली. शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पाखरं उडाली नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचायच्या आधीच येऊन बसली होती. आमच्या मृदंगवाल्याला, रतनसिंगला, याचा फार आनंद झाला. त्यानं डोंगरकडा गावच्या पाहुण्यांत सांगितलं की आमच्या भजनाला पाखरंसुद्धा श्रोते आहेत. ती ऐकता ऐकता जेवत होती, हे त्यानं सांगितलं नाही.

तालमीनंतर शेषराव घरी आले आणि जेवायचं ताट पुढं सरकवून बसले. दाणा चिकात येत होता, अजून थोडे दिवस असंच चाललं तर सूपभरसुद्धा राहणार नव्हता. हंडीत काय टाकायचं, हे ते कुणाला विचारत नव्हते, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. नर्मदाबाईंनी ताट उचललं, हात धुतला आणि माळवदाच्या खोलीतून पत्र्याची पेटी ओढत आणली.

ही पेटी आहेरातल्या झंपराच्या, म्हणजे ब्लाऊजच्या, पिसांची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बाई दारातून आत आली की रिकामी जात नाही. लग्न असो, बारसं असो, जावळ असो, घरभरणी असो, कपाळाला कुंकू लावायचं आणि झंपराचा पीस हातात द्यायचा. हा पीस शिवायचा नसतो. ज्यांनी शिवून बघितला त्यांचं म्हणणं असं, की एका धुण्यात तो बाहीपुरता उरतो. तो घडी न मोडता पेटीत ठेवायचा आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या बाईला द्यायचा. दुकानातून तो एकदाच बाहेर पडतो. त्यानंतर त्याच्यामागं जन्ममरणाचा फेरा लागतो, आणि मोक्ष म्हणून नाही.

नर्मदाबाईंची पेटी तोंडापर्यंत भरलेली होती. सकाळी त्या आणि सूनबाई पल्लवी पेटी घेऊन शेतात गेल्या आणि एकेका कणसाला एकेक पीस बांधायला लागल्या. कणीस झाकायचं, खाली देठाला गाठ मारायची. वारा आत जाईल इतकं सैल, चोच आत जाणार नाही इतकं घट्ट. मोठे पीस असतील तर एकात दोन-तीन कणसं. पेटी संपली तेव्हा ओढ्याकडचा कोपरा तेवढा झाकला गेला होता. बाकीचं शेत त्यांनी पाखरांना सोडलं.

बालाजी संध्याकाळी नळी बघायला आला आणि थांबला. पोपटी, राणी, जांभळा, आंबा, मोरपंखी, काठाला जर, काठाला टिकल्या. वारा आला की सगळं एकदम डोलायचं. लग्नाचं अख्खं वऱ्हाड शेतात येऊन उभं आहे आणि त्याला जेवायला कुणी बोलवत नाही, असं ते दिसत होतं. बालाजीनं पल्लवीला विचारलं, हे काय. पल्लवी म्हणाली, आहेर.

इथपर्यंत ठीक होतं. पण ती वाट गावाच्या रानात जाणारी. संक्रांत होऊन गेली होती, हळदीचा पाला कापायला बायकांची टोळी रोज त्या वाटेनं जायची. पहिल्या दिवशी त्या हसत गेल्या. दुसऱ्या दिवशी चतुराबाई मध्येच थांबल्या. चतुराबाई या नर्मदाबाईंच्या चुलत जाऊ. आवाज असा की सप्त्यात त्यांना स्पीकर लागत नाही. त्या बांधावरून वाकून एका मोरपंखी पिसाकडं बघत राहिल्या. नंतर त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. बाकीच्याही वाकून बघायला लागल्या. तो आमच्या जावळातला. ही घडी माझीच. हा राणी रंगाचा मी नांदेडहून आणला होता. असं करत त्या कामाला उशिरा पोचल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या हळदीत गेल्याच नाहीत. पंधरा-वीस बायका सरळ शेषरावांच्या तुकड्यात आल्या. शेषराव बांधावर बसले होते, ते उठून ओढ्याच्या खाली जाऊन उभे राहिले. बायकांच्या भांडणात पुरुषानं ऐकू येईल इतकंच लांब उभं राहावं, असा त्यांचा नेम होता. आम्हीही दोघं-तिघं तिथंच उभे होतो.

चतुराबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"नर्मदाबाई, माझ्या पुनमच्या लग्नात म्या तुला कुंकू लावून हा मोरपंखी दिला. मानानं दिला. तू तो ताटाला बांधला."

"देवासाठी बांधला माय. काल्याच्या लाह्या हायेत त्या."

"देवाला झंपर लागत असतंय का?"

नर्मदाबाई म्हणाल्या, ज्याचा त्याचा घेऊन जा, मी आडवी येत नाही. दाणा अजून हिरवा होता. बायका पीस सोडून घेऊन गेल्या असत्या तर दुपारपर्यंत तो कोपराही बाकीच्या शेतासारखा झाला असता आणि लाह्यांचा विषय तिथंच संपला असता. ओढ्याखाली शेषरावांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. नामस्मरण होतं की दुसरं काही, ते कळलं नाही.

चतुराबाईंनी मोरपंखी पिसाच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात रुक्माबाई पुढं आल्या. यांचं घर चतुराबाईंच्या समोरचं.

"थांब बाई. तुझ्या पुनमच्या लग्नातला म्हणतीस का हा? ह्या कोपऱ्याला बघ. च्याचा डाग हाय. हा तर आमच्या घरभरणीला म्या तुला दिला हुता."

चतुराबाईंनी डाग बघितला. डाग होता. त्यांनी थोडा वेळ घेतला.

"मंग तुला कुणी दिला हुता?" त्यांनी विचारलं.

आता रुक्माबाईंनी वेळ घेतला.

"म्या," नर्मदाबाई म्हणाल्या. "आमच्या बालाजीच्या लग्नात. डाग बी माझ्याच हातचा हाय."

कुणी हसलं नाही. हसायची ती वेळ नव्हती. जिला तिला आपली पेटी आठवत होती. आपापला पीस ओळखायला आलेल्या बायका आता आपला पीस दुसरीला ओळखू येऊ नये म्हणून बघायला लागल्या. नांदेडहून राणी रंग आणणारी पल्याडच्या तासात, म्हणजे ताटांच्या ओळीत, गेली आणि तिथंच उभी राहिली. जावळवालीला एकदम आठवलं की पाल्याला उशीर होतोय.

पण चतुराबाई अशा परत जाणाऱ्या नव्हेत. गावभर सांगून आल्या होत्या. कुणाचा का असेना, मी हा नेणार, असं म्हणून त्यांनी गाठ सोडली, पीस ओढून काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. कणीस उघडं पडलं. भरलेलं होतं, दुधानं टचटचीत. बाकीच्या शेतात नुसते कुंचे उभे होते, त्यात ते एकटंच दाण्याचं.

तारेवरून एक राघू उठला. तो काही घाईत नव्हता. सरळ आला, चतुराबाईंच्या समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, त्या कणसावर बसला. कणीस वाकलं. त्यानं एक दाणा काढला, फोडला, चीक चोचीला लागला तो पुसला आणि दुसरा काढला. चतुराबाईंनी हाड् केलं. तो त्या कणसावरून उठून ताटाच्या पात्यावर बसला आणि त्यांच्या जाण्याची वाट बघायला लागला. मागं तारेवर बाकीचे सरकून जागा करत होते.

चतुराबाईंनी राघूकडं बघितलं. कणसाकडं बघितलं. मग खांद्यावरचा पीस काढून कणसाला घातला, देठाला दोन वेढे दिले आणि दातानं ओढून गाठ मारली.

"ढिली मारली हुती तू," त्या नर्मदाबाईंना म्हणाल्या. "बारकी पाखरं खालून शिरतेत."

आणि त्या पुढच्या ताटाकडं गेल्या. त्याचीही गाठ त्यांना ढिली वाटली. मग रुक्माबाईंनाही एक वाटली. नर्मदाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी काम थांबलं असतं. ऊन वर येईपर्यंत सगळ्या बायका तासातासानं गाठी आवळत होत्या आणि शेषरावांच्या घरात मुलींना गाठ मारायला शिकवत नाहीत असं एकमेकींना सांगत होत्या. त्या दिवशी हळदीचा पाला तसाच राहिला. ज्याचा राहिला तो रानात एकटाच विळा घेऊन बसला होता.

त्यानंतर पाल्याला जाता-येता एखादी थांबायची आणि पदरातून पीस काढून अजून एखादं कणीस झाकायची. ही देवाणघेवाण कुणी बोलून दाखवली नाही. नव्या पिसांत एक कोरा करकरीत, दुकानातली चिठ्ठी चिकटलेला पीस निघाला. तो कुणी बांधला, याची चौकशी गावात बरेच दिवस चालली आणि सापडलं नाही. कबूल करण्यात मोठेपणा असूनही कुणी कबूल केलं नाही, हे आमच्या गावात पहिल्यांदाच घडलं.

फाल्गुनात ज्वारी वाळली. शेषरावांनी आधी बाकीचं शेत कापलं. तिथं निव्वळ कडबा निघाला. मग कोपऱ्यातली झाकलेली कणसं एकेक करून खुडली, अंगणात पोत्यावर बडवली, नर्मदाबाईंनी पाखडली. मोत्यासारखे दाणे, सुपात हलवले की वाजणारे. सूप भरलं आणि थोडं वर राहिलं. एवढं त्या अख्ख्या तुकड्याचं पीक.

कडब्याचं काय करायचं हा वेगळा प्रश्न होता. शेषरावांनी पेंढ्या बांधून गंजी लावली आणि गावात सांगितलं की कुणाला लागत असेल तर न्या. फुकट न्या. एक काळ असा होता की ज्वारी उभी असतानाच कडबा बोलून ठेवावा लागायचा. आता ऐकणाऱ्यानं म्हणायचं, दादा, बैल कुठं हाय. त्यांनी विचार करून एकेक गोठा आठवला. एकात ट्रॅक्टर होता, एकात हळद शिजवायचा कुकर, एकात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात बालाजीची मोटारसायकल होती. शेवटी गंजी तशीच उभी राहिली. पाखरं तीवर बसून उन्हं खायला लागली. खायला दुसरं काही नव्हतं.

सप्ता बसला. गावात सगळीकडं शिजलेली हळद वाळत पडलेली. देवळापुढच्या पटांगणातली मंडपापुरती उचलली होती, तरी जमीन पिवळीच होती. कीर्तनाला बसून उठणाऱ्याचं धोतर मागून पिवळं. काल्याच्या आदल्या दिवशी नर्मदाबाईंनी दाण्याला पाण्याचा हबका मारून फडक्यात बांधून ठेवलं आणि पहाटे चूल पेटवली. ही खरी परीक्षा होती. पाखरांनी ठेवलेला दाणा कढईत जळायला एक क्षण पुरतो, आणि दाणा फुटला नाही तर ती लाही नव्हे, भाजलेली ज्वारी. बालाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तुकडा कुणाचा ते आता कढई ठरवणार होती. नर्मदाबाईंनी पहिली मूठ टाकली, काडीला गुंडाळलेल्या फडक्यानं हलवली. थोडा वेळ काहीच नाही. मग एक फुटली. मग सगळ्या फुटायला लागल्या, कढईबाहेर, चुलीवर, पल्लवीच्या केसांत. बालाजीच्या पायापाशी एक येऊन पडली. ती त्यानं उचलली, बघितली आणि पाटीत टाकली. खाल्ली नाही. देवाच्या आधी खात नाहीत.

काल्याचं कीर्तन भागवतमहाराजांचंच होतं. महाराजांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते सकाळी गाडीतून उतरले, पाय धुवून घेतले, फेटा बांधला आणि उभे राहिले. आणि काय ते निरूपण झालं! मी आजवर पुष्कळ काले ऐकलेत, पण त्या दिवशीचा घास अजून गळ्याखाली उतरतोय. महाराज गोकुळात गेले. गवळ्यांची पोरं गाई वळून यमुनेच्या काठी जेवायला बसली. कुणाची शिदोरी लोण्याची, कुणाची ताकाची, कुणाची नुसती शिळी भाकर. शिळ्या भाकरीचं पोरगं पाठ करून बसलं. मग देवानं सगळ्यांच्या शिदोऱ्या ओढून घेतल्या आणि एकाच पळसाच्या पानावर कालवल्या. महाराजांनी टाळकऱ्यांना थांबवलं.

"आता सांगा, लोणी कुणाचं न् भाकर कुणाची? नाही सांगता येत. सांगता आलं असतं तर तो काला झाला नसता बाबांनो. ते नुसतं जेवण झालं असतं."

मृदंग कडाडला. विठ्ठल विठ्ठल झालं. वीणा त्या वेळी शेषरावांच्या गळ्यात होती. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांनी तारेवरचा हात काढला आणि परत ठेवला, एवढंच.

हंडी फुटली, काला वाटला गेला. पुरुषांना यंदाही काही कळलं नाही. त्यांनी खाल्लं, हात डोक्याला पुसले आणि पंगतीची जागा धरली. बायका मात्र हळूहळू खात होत्या. एकेक लाही बोटांत धरून बघत होत्या. चतुराबाई शेजारणीला सांगत होत्या की एवढ्या टपोऱ्या फुटल्या त्याचं कारण गाठ. शेषराव खांबापाशी उभे राहून ते बघत होते. मग त्यांनी हातातला काला तोंडात टाकला, डोळे मिटून सावकाश खाल्ला आणि तळहात चाटला.

पंगत उठल्यावर बालाजी त्यांना शोधत ओढ्याकाठी आला. शेषराव गंजीच्या सावलीत बसले होते. बालाजीनं हात मागं बांधले. शब्दाला पक्का माणूस. सकाळपासून हे बोलायचं होतं ते त्यानं बोलून टाकलं.

"ठरल्यापरमाणं. तुकडा तुमचा. ह्या तुकड्यापुरतं हळदीचं बेणं नको म्हणून सांगून आलो."

"परत सांग. हळद लाव."

बालाजी खाली बसला.

"काहून?"

शेषरावांनी गंजीकडं मान केली. म्हणाले, हा कडबा बघ, याला खाणारं तोंड गावात नाही. धान्य म्हणावं तर घरात एक भाकर झाली नाही. सूपभर लाह्यांपायी एवढी जमीन अडवली. आणि मान म्हणावं तर आज महाराजांनी भर मंडपात सांगितलं, कुणाचं काय ते कळू नये. मी मात्र साल झालं, कळलं नाही म्हणून रुसून बसलोय.

"मंग पेरणीच्या वक्ताला काहून भांडला? तवाच द्यायचं."

"तवा दिलं असतं तर तू म्हणला असता, दादानं न्हाई दिलं, पाखरांनी दिलं."

बालाजीनं गंजीतून कडब्याचं एक पातं ओढून काढलं. म्हणाला असता, हे त्याला पटलेलं दिसलं.

"कोपरा तेवढा ठेव," शेषराव म्हणाले. "ओढ्याकडचा. लाह्यांपुरता."

बालाजीनं विचारलं, किती. शेषराव उठले. दोघं कोपऱ्यात गेले. बालाजीनं पावलं टाकून एक जागा दाखवली. शेषराव म्हणाले, इथं तर एक बाई उभी राहील, बाकीच्यांनी काय ओढ्यात उभं राहायचं? बालाजी चार पावलं पुढं सरकला. शेषरावांनी मान हलवली. बालाजी म्हणाला, ह्याच्या पुढं गेलो तर नळी सरळ जाणार नाही, वाकवावी लागेल. शेषराव म्हणाले, वाकव. नळी वाकवली की पाण्याचा जोर कमी होतो, हे बालाजीनं समजावून सांगितलं. शेषरावांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि परत म्हणाले, वाकव.

बालाजीनं अजून दोन तासं सोडली आणि कडेच्या बाभळीची काठी तोडून तिथं खुंटी ठोकली. मग नळीच्या टोकाला काय करता येईल ते बघायला वळला. तो वळल्याबरोबर शेषरावांनी खुंटी उपटली आणि हळदीच्या बाजूला एक मोठं पाऊल टाकून तिथं रोवली. जमीन कडक होती, हातानं खुंटी काही उभी राहीना. ती कलली की ते सरळ करायचे, सोडली की ती परत कलायची.

बालाजी मागं उभा राहून थोडा वेळ ते बघत होता. मग त्यानं ओढ्यातला एक दगड उचलून आणला.

"सरका दादा," तो म्हणाला, आणि तिथंच ठोकून दिली.